चुकीच्या वहीत नाव

समितीच्या खोलीबाहेर टेबलावर दोन वह्या होत्या. ज्या विधेयकावर बोलायचं त्याच्या वहीत नाव लिहायचं, अशी विधानभवनाची पद्धत. ट्वायला स्टिडम केस नीट करायला गेली आणि तेवढ्यात तिच्या ओमा मावशीने तिचं नाव लिहून टाकलं. ओमा मावशीचं आयुष्य एकाच नियमावर चाललेलं होतं: जिथे रांग छोटी तिथे उभं राहायचं. तीन नवरेही तिने असेच मिळवले होते.

"मावशी, ही शाळेतल्या दादागिरीच्या विधेयकाची वही आहे. माझं विधेयक दुपारचं."

"तिकडे चाळीस नावं होती गं. इकडे चारच."

"पण माणसाला एकदाच बोलू देतात."

"मग एकदाच बोल. घरी तर तेवढंही बोलत नाहीस."

ट्वायलाला हसावं की रडावं कळेना. सरकारी मदतीवर दोन मुलं वाढवत ती नर्सिंग शिकत होती. मदत हवी तर आठवड्याला तीस तास काम दाखवा, असा राज्याचा कायदा. कॉलेजचे तास कामात धरायचे, पण फक्त पहिलं वर्ष. तिचं ते वर्ष जूनमध्ये संपत होतं आणि अभ्यासक्रम होता दोन वर्षांचा. दुसरं वर्षही धरा, एवढंच दुपारचं विधेयक म्हणत होतं. ते आज समितीत पडलं, तर तिला पुस्तकं मिटून पुन्हा कारखान्यात कोंबड्या सोलायला उभं राहावं लागणार होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्ष हॉबर्ट नेपियर हे कुणाला काही फुकट मिळू नये या मताचे होते. समितीपुढच्या डोनटचा तेवढा अपवाद.

"तीन मिनिटं, बाई. विषय दादागिरी."

ट्वायलाने दाराशी उचललेली विधेयकाची प्रत उघडली आणि व्याख्या वाचली. "'ज्याच्या हाती सत्ता त्याने दुसऱ्याला वारंवार असं छळणं, की त्याला शिकणंच अशक्य व्हावं.' हे तुम्हीच लिहिलंत ना, साहेब?"

"मीच. जमलंय ना बरं?"

"फारच. मग माझी तक्रार लिहून घ्या. वय एकतीस. मला दर आठवड्याला एक कागद छळतो."

तिने पर्समधून तासांचा तक्ता काढला. "प्रत्येक तास संपला की यावर सरांची सही घ्यायची. मागून पोरं विचारतात, 'काय आजी, घरी दाखवायचंय का?' ते सोसते मी. पण जूनपासून या सह्याही चालणार नाहीत. शिकू नको असं कुणी म्हणत नाही, साहेब. शिकता येऊ नये, एवढी सोय केलीय."

नेपियरसाहेबांनी पेनने घड्याळाकडे खूण केली.

"हा विषय दुपारचा आहे, बाई."

"दुपारी मला पुन्हा बोलू देणार नाहीत, नाव चुकून या वहीत पडलंय. शिवाय कॉलेज बुडवून इथे सकाळपासून तीन तास गेलेत. तेवढी सही करता?"

नेपियरसाहेबांनी चष्मा लावला. तक्ता हातात घेऊन वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. "समितीपुढे बोलल्याचा रकाना कुठाय?"

"नाही."

"मग मी खाली दोन ओळी लिहून देतो."

"घेत नाहीत."

"माझ्या सहीनेसुद्धा?"

"तुमच्यासुद्धा. मदतीच्या कचेरीतल्या बाई म्हणतात, कायदा आहे."

"असला कायदा मांडला कुणी?"

सचिव खाकरले. "आपणच, साहेब."

नेपियरसाहेबांनी डोनट बाजूला सारला. मग दुपारचं विधेयक आत्ताच घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या वहीतल्या चाळीस जणांना विचारलं, "या बाईंहून वेगळं कुणाला काही सांगायचंय?" कुणी उठलं नाही. मतं पडली, पाच विरुद्ध पाच. अध्यक्षांचं मत उरलं. साहेबांनी समोरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि दाढ उपटून घेतल्यासारखं तोंड करून म्हणाले, "बाजूने."

ट्वायलाचे डोळे भरून आले. पुढच्या टप्प्यात सभागृह काय करेल ते करेल, पण निदान आज तिचं शिक्षण वाचलं होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता की खुर्चीवरून उठवेना. मावशीनेच तिला दंडाला धरून उभं केलं.

नेपियरसाहेब अजून पेन धरूनच बसले होते.

"बाई, मग या तीन तासांपुढे लिहू तरी काय?"

"गैरहजर," ट्वायला म्हणाली. "कायदा बदलेपर्यंत तेच लिहावं लागतं."