रेडिओच्या तारेवरची बरणी

१८ मार्च २०१२, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नाचिमुत्तूच्या टॅक्सीचा मीटर ८४,३१२ दाखवत होता. गाडीत उतारूंऐवजी तांदळाची चार पोती ठेवली होती. चारही चाकांतली हवा मी स्वतः तपासली होती आणि डिझेल टाकीच्या गळ्यापर्यंत भरून घेतले होते.

दुरैसामी हा तंत्रनिकेतनातला माझा विद्यार्थी. कोइमतूरच्या गणपती भागातल्या शेडमध्ये त्याने एक बरणी तयार केली होती. गाडीच्या विजेवर तिच्यातल्या पाण्याचे विघटन व्हायचे, निघालेला वायू नळीने इंजिनात जायचा आणि तेवढ्याच डिझेलात गाडी तीस टक्के जास्त पळायची, असे तो सांगे. बरणी गळत नाही, एवढ्यापुरत्या कागदावर मी वर्षापूर्वी सही केली होती. तीच सही त्याने प्रत्येक झाकणावर छापली. अशा एक्केचाळीस बरण्या एक्केचाळीस गाड्यांत बसल्या होत्या, आणि त्यांचे चालक माझ्या नावाच्या भरवशावर होते. म्हणून ही चाचणी.

आत सिरुवाणी धरणाचे गोडे पाणी घातले आहे, असे दुरैसामीने अभिमानाने सांगितले.

"पाहुण्याला बोअरचं आणि बरणीला सिरुवाणीचं," नाचिमुत्तू म्हणाला. "पुढच्या जन्मी मीपण बरणीच होतो, मास्तर."

मेट्टुपाळयमपर्यंत जाऊन येऊन सत्तर किलोमीटर, अशा दोन फेऱ्या. एकीत बरणी बंद, दुसरीत चालू. कोणत्या फेरीत काय, हे नाचिमुत्तूला कळू नये म्हणून जोडणीवर मी लाखेची मोहोर लावली होती. प्रत्येक फेरीनंतर पंपावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली आणि दुपारपर्यंत आकडे हाती आले. बरणी बंद असताना ४.६४ लिटर लागले, चालू असताना ४.७०.

पंपापासून दूर, चहाच्या टपरीवर दुरैसामीने आधी वाऱ्याला दोष दिला, मग माझ्या पुस्तकांना. मी समजावले की बरणीची वीज शेवटी इंजिनच तयार करते, इंजिनाला ती डिझेल जाळूनच करावी लागते आणि प्रत्येक टप्प्यावर काही ना काही वाया जाते. लोकांना फरक दिसतो, कारण बरणी बसवल्यापासून ते हलक्या पायाने गाडी चालवतात.

नाचिमुत्तू गाडीत टेकून गाणी ऐकत होता. इंजिन बंद, किल्ली अर्धी फिरवलेली. वीस मिनिटे तरी झाली असतील. एक गाणे संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या शांततेत मला बॉनेटखालून भात रटरटावा तसा आवाज आला.

बरणी चालू होण्याचा इशारा कोणत्या तारेवरून घेतला आहे, असे मी दुरैसामीला विचारले.

"रेडिओच्या," तो म्हणाला. "ती तार हाताशी येते, सर."

त्याच वेळी नाचिमुत्तूने किल्लीकडे हात नेला. "निघायचं का, मास्तर?"

"हात मागे घे," मी म्हणालो. "आणि तसाच खाली उतर."

इंजिन थांबले तरी रेडिओ चालू असेपर्यंत बरणी थांबत नव्हती. वायू ओढून घ्यायला कोणी नव्हते. तो बॉनेटखाली आणि नळ्यांत साठत होता. त्याला रंग नाही, वासही नाही. मी बॉनेट उघडले आणि आम्ही तिघे लांब जाऊन उभे राहिलो. रिकाम्या गाडीत गाणे चालूच होते.

अर्ध्या तासाने मी नळी काढून पेल्यातल्या साबणाच्या पाण्यात धरली. फेसाने भरलेला पेला गाडीपासून दूर नेला आणि लांब काठीला बांधलेली पेटती काडी फेसाला लावली. बंदुकीसारखा आवाज झाला. कडुनिंबावरचे कावळे उडाले.

नाचिमुत्तू पेल्याजवळ गेला. "स्टँडवर रोज दोन-दोन तास गाणी ऐकतो मी," तो म्हणाला. "कधीकधी गाडी चालू करताना ढप्प व्हायचं. मला वाटायचं, हीच ती ताकद."

"तार बदलून देतो, सर. सगळ्यांची," दुरैसामी म्हणाला.

"तार नको. बरण्या परत आण."

दुरैसामीने खिळ्याने पहिल्या झाकणावरचे माझे नाव खरवडले. पुढचे दोन महिने आम्ही दोघे स्टँडवरून स्टँडवर फिरलो. एक टॅक्सी कोटगिरीच्या बाजूला विकली गेली होती. घेणाऱ्याचा पत्ता कोणाकडेच नव्हता.

३१ मेपर्यंत एक्केचाळीसपैकी चाळीस परत आल्या.