पुंजाराममामाची माळ

संध्या पांढरा कोट मांडीवर घेऊन तशीच बसून होती. बारावीची बायोलॉजीची प्रॅक्टिकल परीक्षा अकराला होती आणि सातपूरहून बस वेळेवर मिळेलच असं नसतं. मी दोनदा ऊठ म्हणालो. जाणार नाही, म्हणाली.

"आईला सांगून काय झालं, पप्पा? मग हे शिकून करू काय?"

 मी कारखान्यात लेथ चालवतो, सातवीच्या पुढे गेलेलो नाही. माझी बायको झुंबर जाऊन दोन महिने झाले होते. भाऊबीजेला ती पेठ तालुक्यात माहेरी जाऊन आली आणि काही दिवसांनी डोळे पिवळे झाले. तिचा थोरला भाऊ पुंजाराम लगोलग काविळीची माळ घेऊन आला. हिरव्या देठांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत घट्ट बसवलेले असतात. माळ डोक्यावर ठेवायची. रोज ती वाढते, खाली उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. आमच्याकडे सगळे हेच करतात. माझी लहानपणी अशीच उतरली होती.

संध्याने आईला समजावलं होतं. देठ वाळतो, बारीक होतो, गाठ सैल पडते, म्हणून माळ लांबते. भिंतीवर खिळ्याला टांगली तरी लांबेल. आपण रक्त तपासू. झुंबर हसली होती. तुझ्या पुस्तकात माझा भाऊ नाय ना, म्हणाली. भावाने डोंगरातून आणलेली माळ तिला काढवेना. संध्या मग गप्प बसली. माळ छातीवर आली तेव्हा झुंबर खूश होती. कंबरेला आली तेव्हा ती आम्हाला ओळखत नव्हती. मग दवाखाना केला, पण त्याचा उपयोग झाला नाही.

तर त्या सकाळी दार वाजलं आणि पुंजारामच आत आला. भाचीची परीक्षा म्हणून पहिल्या एसटीने नागलीचे पापड घेऊन आला होता. डोळे हळदीसारखे. मी बघतच राहिलो. त्याने हसत शर्टाची बटणं काढली. आत माळ होती.

"मलाबी झाली, दाजी. घाबरू नका. बघा, छातीवर आली पन."

संध्या उठली. मला वाटलं, पाणी आणायला उठली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, आईचीपण अशीच उतरली होती."

"अगं पोरी, तिचं आयुष्यच तेवढं..."

"कंबरेपर्यंत उतरली. मग आई मेली. तुम्हीच खांदा दिलात."

आमच्यात मामाला असं कुणी बोलत नाही. लग्नात पोरीच्या पाठीशी मामाच उभा राहतो. पुंजाराम मटकन खाटेवर बसला. 

"म्हंजे मी मारली तिला?"

"नाही. काविळीनं मारलं." संध्या म्हणाली. "तुम्ही पप्पांबरोबर आत्ता दवाखान्यात जा. आज मी गप्प बसणार नाही."

पुंजाराम उठला. त्याने चपला पायात घातल्या. ते बघितल्यावर संध्याने कोट घडी करून पिशवीत टाकला, येते म्हणाली आणि स्टॉपकडे पळत गेली.

मी कामावर खाडा केला. सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती. पुंजारामने माळ काढली नव्हती आणि मीही काढ म्हणालो नाही. आमचा नंबर आला तेव्हा आत एक तरुण डॉक्टर होता. त्याने डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, माळ हाताने बाजूला केली. वेळेत आलात, म्हणाला. मग विचारलं, "कोणी पाठवलं?"

"भाचीनं. बारावीला हाय."

डॉक्टर मान खाली घालून लिहायला लागला. पुंजारामने शर्टाची बटणं एकेक करून वरपर्यंत लावली. मग कोणी विचारलं नव्हतं तरी हळूच म्हणाला, "माझ्या भैनीची पोर."