जेठीबाईपुढून गेलेला करंडा

मी एक जुना पितळी करंडा आहे. माझ्या एका कप्प्यात मेण, दुसऱ्यात कुंकू. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला घडवलं आणि भागीरथाच्या लग्नात मी नागपूरला, तांडापेठेतल्या विणकराच्या घरी आलो. तिचा नवरा गणपतराव लुगडी विणायचा. सकाळी भागीरथाने मला उघडलं की मगच घरातला माग खटखटू लागे.

मित्रांनो, तेव्हा माझा मोठा मान होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांपुढून फिरायचो. भागीरथाची थोरली जाऊ यमुताई मात्र कोपऱ्यात तिळाचे लाडू वळत बसे. तिचा नवरा कधीच वारला होता. तिच्यापुढे मी कधी थांबलो नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

१९४८ च्या संक्रांतीला शेजारची जेठीबाई आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली, खोलीत एकटीच राहणारी. अंगावर पांढरी चादर, कपाळ मोकळं. भागीरथाने तिला प्रेमाने तिळगूळ दिला आणि मला मात्र तिच्यापुढून तसंच पुढे नेलं.

"मुझे क्यों नहीं लगाया?" जेठीबाईने शेजारी बसलेल्या जनाबाईला विचारलं.

"जिसका आदमी नहीं रहा, उसको नहीं लगाते, बहन," जनाबाई हळूच म्हणाली.

जेठीबाईचा लाडू हातातच राहिला. ती उठून गेली. दोन दिवस तिची चूल पेटली नाही.

"राग आला वाटते तिले," भागीरथा म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा मला घेऊन आरशापुढे बसली होती. जेठीबाई दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"खबर कौन लाया, बहन? गणपतराव तो रोज हम सिंधियों की छावनी में साड़ियाँ बेचने जाते हैं. सच बता दो."

"कौनसी खबर?"

"मेरे आदमी की. दुकान समेटने उधर सिंध में, शिकारपुर में रुका है. तीन महीने से चिट्ठी नहीं."

भागीरथाच्या हातून माझं झाकण पडलं. "आदमी है तुम्हारा? फिर ये सफेद काहे को?"

"हमारे यहाँ बाहर निकलो तो सफेद चादर ओढ़ते हैं. आपके यहाँ नहीं?"

"अगं बाई. कोई खबर नहीं आई. हमने तो खाली चादर देखी."

जेठीबाई उंबऱ्याशीच बसली. आधी रडली, मग हसली. "एक चादर के पीछे मैंने उसको दो दिन मार के रखा."

भागीरथाने मला पुढे केलं. "लगाऊँ?"

"हमारे में ऐसा नहीं लगाते. पर लगा दो."

चैत्रात तिचा नवरा टहलराम सुखरूप आला. बायकोचं लाल कपाळ पाहून त्याने आधी विचारलं, "चोट कैसे लगी?" हे जेठीबाई पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

तेव्हापासून भागीरथा प्रत्येकीला विचारू लागली, "लावू का वं?"

"हे काहून इचारून राहिली?" जनाबाई चिडवायची. "शाळेची हजेरी घेते काय वं?"

पुढच्या संक्रांतीला भागीरथा मला घेऊन कोपऱ्यातही गेली. "बाई, लावू का?"

यमुताईने तिळाचे हात पदराला पुसले.

"नोको वं," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत कोणी इचारलं नव्हतं."

आता माझं मेण वाळलं आहे, बिजागरी निखळली आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, कोणाच्याही कपाळापुढून मला पुढे नेण्याआधी क्षणभर थांबा, आणि विचारा.