बिनटाक्याचं ऑपरेशन

एडवणच्या किनाऱ्यावरच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत खंडेरावबाबा कॅन्सर काढत होते. सुरी नाही, भूल नाही, टाका नाही. पोटावर कापूस ठेवायचा, मंत्र पुटपुटायचा, बोटं रुतवायची. रक्ताचा ओघळ यायचा आणि पाठोपाठ लालभडक गाठ!

"तारापूरच्या वीजकेंद्रात अणू फोडतात, मी रोग फोडतो!" बाबा गरजले. "फी नको. देवीला फक्त एक जिवंत कोंबडा!"

मानाच्या कोंबड्याला गावात कोण नाही म्हणणार? पेशंटने तो मांडवामागे शिष्याकडे द्यायचा आणि पुढे येऊन आडवं व्हायचं.

साल १९८८. चंद्रकांता मुंबईच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठींतून डीएनए काढून, कुठलं जनुक बिघडलं ते शोधायची. तिच्या जमनाआत्याच्या छातीतली गाठ तिनेच डॉक्टरांना दाखवली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. ती न्यायला आली, तर आत्या मांडवातून हसतच बाहेर पडली.

"गेला माजा कॅन्सर! आता मुंबईला येत नाय मी."

"छातीतली गाठ पोटातून कशी निघाली?"

"बाबांनी खाली ओढून घेतली."

"मग छातीत अजून हाताला लागते ती?"

"ती नुसती साल हाय. गर काढलाय."

आत्याच्या मुठीत प्रसादाचा कापूस होता, रक्ताने ओला. चंद्रकांताने चहावाल्या नवशाकडून दोन पेले पाणी आणि धुण्याच्या साबणाची पावडर मागून घेतली. साबणाच्या पाण्यात एकीकडे स्वतःचं बोट टोचून रक्त टाकलं, दुसरीकडे कापूस पिळला आणि दोन्ही ढवळले. पहिल्यात लाल पाणीच राहिलं. दुसऱ्यातून काडीबरोबर लांबलचक चिकट तार वर आली.

"ईऽ, शेंबूड!" शेजारची नलू ओरडली.

"दैवी तेज आहे ते!" बाबा आतून धावत आले.

"डीएनए आहे तो," चंद्रकांता म्हणाली. "माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, कोंबड्याच्या असतं. साबणाने पेशी फुटली की आतला डीएनए असा बाहेर येतो. बाबा, तुमचं बोट द्या. तुमचं तेज बघू."

बाबांनी हात पाठीमागे नेले. नलूने ते धरून पुढे ओढले. बाबांच्या मुठीतून कोंबड्याच्या आतड्याची इवलीशी पिशवी निसटली, आत रक्त आणि काळजाचा तुकडा. पुढच्या पेशंटची गाठ तयार होती!

"ए बाय!" नलू खदखदून हसली. "म्हंजे आपापला कॅन्सर आमीच पाय बांधून घरून आनत होतो!"

आत्या मात्र हसली नाही. तिचा हात छातीवर गेला.

"म्हंजे हाय अजून."

"आहे. लहान आहे, म्हणूनच आता काढायची."

"दुखंल?"

"दुखेल. टाकेही पडतील."

आत्या पदर खोचून म्हणाली, "चल. पन शुद्धीवर आले की ती गाठ मला दाखवायला सांग त्या डॉक्टरला."

तेवढंच मागायचं असतं. कॅन्सर काढणारा कुणीही असो, बाहेर काय आलं आणि आत काय उरलं, दोन्ही तपासू द्या म्हणायचं. डॉक्टर तपासू देतो. बाबा हात लपवतो.