कोरड्या भिंतीवरची ओढणी

पोटचा लहानगा मेओ गेला त्या दिवशी गिझोलाने टाहो फोडला होता, आणि तिचा चित्रकार नवरा नुच्चो कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. बिचारा मुक्याने रडतोय, असं तिला वाटलं. तेवढाच काय तो आधार.

ईस्टरला चर्चमधल्या नव्या भिंतीवरचा पडदा निघाला. नुच्चोने रंगवलेली मारिया, मांडीवर मेलेला पुत्र. जुन्या चित्रांतल्या मारियांच्या मांडीवर पोर झोपलेलं असो की मेलेलं, चेहरा तोच. ही मात्र तोंड वासून हंबरडा फोडत होती, आणि तिचा पुढचा एक दात नव्हता. गिझोलालाही तोच दात नव्हता.

"तुला बघून आम्ही ढसाढसा रडलो बाई!" पावाच्या भट्टीवर शेजारीण पिएरा म्हणाली.

गिझोलाच्या अंगाची लाही लाही झाली. त्या कोपऱ्यात तो रडत नव्हता, चित्र काढत होता.

"माझं तोंड झाका," तिने घरी येऊन बजावलं. "नाहीतर या घरात चूल पेटायची नाही."

"झाकतो. मेओच्या आत्म्याची शपथ."

आठवडाभरात मारियाच्या चेहऱ्यावर रंगवलेली निळी ओढणी आली. गिझोलाला भरून आलं. शेवटी माणूस आपलाच, म्हणत तिने त्याच्यासाठी चर्चमध्ये आणलेल्या भाकरीचं फडकं सोडलं. मग तिची नजर चुन्याच्या बादलीवर गेली. बादली कोरडी ठणठणीत.

लग्नापासून त्याचा चुना तीच भिजवत आली होती. ओल्या चुन्यात मुरलेला रंग भिंतीचाच होतो. वाळल्यावर वरून फासलेला कधीतरी पोपडे धरून गळतो. ती भिंतीलगतच्या फळीवर चढली आणि ओढणीवर अंगठा घासला. निळा रंग हाताला आला, खालून तिचाच डोळा वर आला.

"आपण मेल्यावर गळेल गं," नुच्चो अजिजीने म्हणाला. "तुला कुठे बघायचंय? असा चेहरा पुन्हा नाही मिळायचा."

"माझ्या पोराची खोटी शपथ घेतलीस, मेल्या?"

तो डोळे बारीक करून बघत राहिला, तिचे ओठ कसे थरथरतात, भुवया कुठे जुळतात. शेजारची भिंत अजून कोरी होती; तिथे शिष्य यहूदाने दगा दिलेला येशू काढायचा होता. नुच्चोचा हात कमरेला खोचलेल्या रेखाटायच्या कोळशाकडे गेला.

गिझोलाने डोक्यावरचा रुमाल ओढून आपलं तोंड झाकून घेतलं.