वाढत्या अंगाची बॅट

गल्लीतल्या शिंप्याला आजचं माणूस कधी दिसतच नसे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याची नजर जरा पलीकडे जाई आणि तिथे त्याला तेच गिऱ्हाईक वर्षभराने दिसे. पोरांचे पाय लांबलेले, तरण्याबांड गड्याचं पोट सुटलेलं. मग कात्री त्या पलीकडच्या माणसासाठी चाले. प्रत्येक शिवणीत जादा कापडाची भरपूर माया, प्रत्येक पायाला आत दुमडलेली जाड पट्टी. लोक चेष्टेने म्हणत, "काकांकडून सदरा शिवून घ्यावा आणि त्यातच राहायला जावं." पण पुढच्या वर्षी पट्टी उसवून घ्यायला तेच लोक येत, त्यामुळे शिंपी ती चेष्टा मनावर घेत नसे.

या स्वभावाचा सगळ्यात मोठा वाटा त्याच्या एकुलत्या पोरीला मिळे. पोरगी अकरा वर्षांची, उंच, हडकुळी. घरीदारी सगळे तिला काडी म्हणत. काडीचे कपडे तर वाढत्या अंगाचेच. बाह्या दुमडलेल्या, कमरेला नाडी गच्च आवळलेली. धावताना तिचा डावा हात नेहमी कमरेवर असे. "ती लकबच आहे तिची," बाप कौतुकाने सांगे. "शंभर पोरींत लांबून ओळखू येते."

बेसबॉल म्हणजे काडीचा जीव की प्राण. वर्षभर ती शाळेच्या संघात राखीव म्हणून बसली होती. आता मोसमाच्या पहिल्याच सामन्यात तिला उतरवायचं खेळाच्या बाईंच्या मनात होतं. तिने स्वतःची बॅट मात्र आणायला हवी होती. "आणि पोरीला बरोबर नेऊनच घ्या," असा बाईंचा निरोप होता. निरोपाचा हा शेवटचा भाग शिंप्याने ऐकला न ऐकल्यासारखा केला. माप घेण्यात ज्याची हयात गेली, त्याला पोरगी बरोबर कशाला हवी? शिवाय त्याला तिला चकित करायचं होतं.

एका दुपारी काडी जमिनीवर हात पसरून झोपली होती. मशीन बंद होतं. पडद्यातून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगत होते की खोलीच झोपेत श्वास घेतेय असं वाटावं. शिंपी गुडघ्यांवर बसला आणि टेप तिच्या छातीच्या मध्यापासून बोटांच्या टोकापर्यंत अलगद नेला. बॅटीचं माप असं घेतात, हे काडीनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. माप मिळालं, पण तो उठला नाही. बघता बघता ते बारीक मनगट त्याच्या डोळ्यांदेखत भरत गेलं, पाय लांबत लांबत उंबऱ्यापर्यंत पोहोचले. तिथे एक मोठी बाई झोपली होती, त्याच्याच पोरीच्या चेहऱ्याची. त्याला भरून आलं. एवढ्या मोठ्या लेकीला आपण काय पुरणार, असं वाटून गेलं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने माप ऐकलं आणि एक बॅट काढून दिली. शिंप्याने ती हातात तोलली, मान हलवली आणि दोन इंच मोठी मागितली.

"मुलगी आलीय का बरोबर?" दुकानदाराने विचारलं. "एकदा धरून बघितली असती तर..."

"वाढतं अंग आहे हो," शिंपी म्हणाला. त्याच्या हिशेबी विषय तिथेच संपला.

बॅट खांद्यावर टाकून तो घरी निघाला तेव्हा रस्ता त्याच्या पायांखाली नव्हताच. ती मोठी बाई मधोमध उभी होती, भोवती माणसांनी भरलेलं मैदान, आणि चेंडू घरांच्या छपरांवरून, पाण्याच्या टाकीवरून, ढगात शिरून दिसेनासा होत होता. तंद्रीत तो आपल्याच घरावरून पुढे गेला. बायकोने खिडकीतून हाक मारली तेव्हा कुठे भानावर आला.

काडी बॅट बघून हरखून गेली. तिने ती उशाशी घेतली, तिच्याशी गप्पा मारल्या, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्याने पुसली. पण मैदानावर भलतंच होऊ लागलं. चेंडू यायचा, काडी बॅट फिरवायची, आणि बॅट पोहोचेपर्यंत चेंडू मागच्या पोरीच्या हातात विसावलेला असायचा. जड टोक तिला आपल्यामागे ओढून न्यायचं. पोरी आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, ते तिला जास्त लागलं.

घरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. बापाने इतक्या हौसेने आणलेली बॅट, तिला नावं कशी ठेवायची? एके दिवशी तिचं पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी डोकं. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "मी नाही जाणार आता खेळायला. कंटाळा आला."

बायको बटणं लावत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. "अहो, हिला बेसबॉलचा कंटाळा आला म्हणे. उद्या म्हणेल श्वास घ्यायचा कंटाळा आला. जरा जाऊन बघा काय ते."

शिंप्याने काडीला समजावून, जवळजवळ ओढतच मैदानावर नेलं आणि स्वतः कुंपणापाशी उभा राहिला. काडी बॅट घेऊन उभी राहिली. तिने मूठ खूप वर सरकवून धरली होती आणि खालचा दांडा पोटाला टोचत होता. चेंडू आला, गेला. पुन्हा आला, गेला. मग बाईंनी तिला बॅट एका हातात आडवी धरायला सांगितली. बॅटीचं टोक थरथरलं आणि हळूहळू जमिनीकडे कललं. बाईंनी कुंपणाकडे बघितलं. शिंप्याने मान खाली घातली.

घरी येताना तो घसा खाकरून म्हणाला, "जरा दम धर. पुढच्या वर्षी बरोबर बसेल तुला."

काडीने बॅट एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. मग एकदम म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या मुलीला सगळं मिळतं, बाबा. माझं सगळं नवं असतं तेव्हा ढगळ असतं. नीट बसायला लागतं तोवर गुडघ्यावर विरतं. मग तुम्ही पुन्हा नवं शिवता, तेही तिच्याच मापाचं." आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरेना.

शिंपी थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं. नुसतं तिच्याकडे, पलीकडे नाही. कोपरावर खरचटलेलं होतं. पुढचा एक दात किंचित तिरका होता. हा दात कधी आला, त्याला आठवेना.

घरी आल्यावर त्याने काडीचा खेळाचा नवा पोशाख काढला. तिला उभं केलं, आजचं माप घेतलं, आणि विजारीची कंबर, पाय, सगळं उसवून पुन्हा खुणा केल्या. आतलं जादा कापड त्याने कात्रीने कापून टाकलं. पट्ट्या जमिनीवर पडल्या.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" बायको म्हणाली. तो हसला नाही. त्याने विजार मशीनखाली सरकवली.

लांब बॅट संघातल्या सगळ्यात थोराड पोरीकडे गेली. तिला ती अशी शोभली की जणू तिच्यासाठीच आणली होती. मग बापलेक दुकानात गेले. दुकानदाराने एकेक बॅट काडीच्या पायाशी उभी केली, छातीपासून हाताबरोबर लावून बघितली. काडी प्रत्येक बॅट एका हाताने आडवी धरून मनात अंक मोजायची. एक कलली. दुसरीही कलली. तिसरी मात्र जागची हलली नाही, आणि काडीच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की शिंप्याला कापडाचा, मापाचा, सगळ्याचाच विसर पडला.

"पुढच्या वर्षी लहान पडेल हं," दुकानदार म्हणाला.

दोन इंचांची गोष्ट शिंप्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. त्याने ती गिळली.

"पडू दे," तो म्हणाला.

सामन्याच्या दिवशी ऊन दुधासारखं मऊ होतं आणि मैदानापलीकडची घरं त्यात अर्धी विरघळल्यासारखी दिसत होती. काडी उभी राहिली. चेंडू आला, आणि या वेळी टणत्कार झाला. चेंडू छपरांवरून वगैरे गेला नाही. डावीकडच्या दोन पोरींच्या मधून सरपटत गेला, एवढंच. लोक उठून ओरडायला लागले, सगळ्यांची तोंडं चेंडूकडे वळली.

शिंपी एकटा काडीकडे बघत होता. ती पहिल्या बेसकडे सुसाट निघाली होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. दोन्ही हात वारा कापत होते. त्याला वाटलं, आता डावा कमरेवर जाईल, मग जाईल. तो गेला नाही. ती लकब नव्हतीच कधी. इतकी वर्षं पोरगी विजार सावरत धावत होती.