अंगारा, डाय आणि राजलक्ष्मी मॅडम

मित्रांनो, माणसाच्या शरीरात दडून बसलेला आजार मी उजेडात आणतो. निदान बारामतीत माझ्या उद्घाटनाला तसं भाषण झालं होतं. खरं सांगायचं तर मला स्वतःला काहीच दिसत नाही. मी एका तपासणी केंद्रातला जुना मॉनिटर आहे. बायकांच्या छातीचे एक्स-रे माझ्यावर लावायचे आणि ते डॉक्टरांनी बघायचे, एवढीच माझी नोकरी.

माझा जन्म कारखान्यात झाला. आमच्यात सगळ्यांचा तिथंच होतो, त्यामुळे ते सोडा. माझे चांगले दिवस म्हणजे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर राजलक्ष्मी मॅडमचे दिवस. त्या खोलीत अंधार करायच्या, खुर्ची मागे सरकवून आधी लांबून बघायच्या, मग जवळ यायच्या. गुळाची ढेप पारखणाऱ्या व्यापाऱ्यासारख्या गप्प. त्यांच्या हाताखाली डॉक्टर शंभूराज नवेच आले होते. हुशार होते. फोटो पुरता उमटायच्या आत त्यांचं मत तयार असे.

एकदा वरकुट्याच्या जयवंताबाई आल्या. डावीकडं दुखत होतं. साध्या फोटोत नीट कळेना, म्हणून शिरेतून डायचं, म्हणजे फोटोत उठून दिसणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन नव्या यंत्रावर फोटो काढले. रोगट जागा ही डाय जास्त शोषते आणि फोटोत चमकते. त्यासोबत पुन्हा घेतलेल्या साध्या फोटोत मात्र पांढरे दाणे दिसले, कर्करोगात कधी कधी असतात तसे.

"मॅडम, दाणे बघा. संशयास्पद लिहितो," शंभूराज म्हणाले.

मॅडमनी जयवंताबाईंनाच आत बोलावलं. "छातीला काय लावलंय?"

"अंगारा हाय. दुखतंय म्हनून आत्यांनी लावला."

"अहो, मी विचारलं होतं ना!" फोटो काढणारी स्वरूपा कळवळली.

"तुमी पावडर इचारली, सेंट इचारलं. अंगाऱ्याचं कुणी नाव तरी काढलं का?"

अंगारा पुसून साधा फोटो पुन्हा काढला. दाणे गायब. शंभूराज हसले. "देवाचीच करणी म्हणायची. मग नॉर्मल लिहून टाकू?"

"व्हय, टाका लिवून," जयवंताबाई म्हणाल्या. "डाळिंबाचा तोडा सुरू हाय. बायका खोळंबल्यात."

"थांबा." मॅडमनी डावीकडच्या डायच्या फोटोत अगदी कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे काय?"

"मॅडम, डायनं थोडी चमक सगळ्यांनाच येते."

"मग उजवीकडं दाखव."

शंभूराजांनी शोधलं. बराच वेळ शोधलं. "तिकडं नाहीये."

"दाण्यांत नजर अडकली तुझी. अंगारा डाय पीत नाही, शंभूराज. हे पितंय."

"काय वो, वाईट हाय का?" जयवंताबाईंचा आवाज बारीक झाला.

"अजून माहीत नाही. तुकडा काढून तपासू. पण तसंच घरी पाठवणार नाही."

"आन् तोडा?"

"तोडा तुमचे मालक बघतील."

तपासणीत कर्करोग निघाला. दुखत होतं एका जागी, तो बसला होता त्याच बाजूच्या भलत्याच कोपऱ्यात. लहान होता, वेळेत सापडला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, जयवंताबाई बऱ्या झाल्या. केंद्रात पेढे आले. नव्या यंत्राला हार घातला गेला. मॅडमना एक पेढा मिळाला.

पुढं मॅडम निवृत्त झाल्या. आता शंभूराज खुर्ची मागे सरकवून लांबून बघतात, आणि नव्या पोरांना म्हणतात, "दुसरी बाजू दाखव." ते ऐकलं की मला जुना अंधार आठवतो.

मित्रांनो, यंत्र जरूर आणा, त्याला हार घाला, नारळ फोडा. पण फोटो वाचणारी नजर दुकानात मिळत नाही. ती जाणत्या माणसाशेजारी बसून, चुकून, पुन्हा बघूनच येते. अशी माणसं सांभाळा. आणि तपासणीला जाताना अंगावर काय लावलंय ते सगळं सांगा. देवाला राग येत नाही.

माझा उजेड मंदावला, तसं मला वाचनाच्या खोलीतून काढलं आणि बाहेर बाकड्यांसमोर टांगलं; आतलं दारातून अजून दिसतं, ऐकू येतं. जयवंताबाई दरवर्षी तपासणीला येतात आणि माझ्याकडं टक लावून बघतात. माझ्यावर आता टोकन नंबर दिसतात. परवा त्यांचा सतरावा होता.